त्वचेच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे का पाठवले?

पत्र

मी ३१ वर्षांची आहे. नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. मी तान्ही असल्यापासून मला इसब आहे. मधली आठ-दहा वर्षे तो जवळजवळ नव्हताच, पण मुलीच्या जन्मानंतर परत आला आणि गेली दोन वर्षे कोपरांच्या लवणीत, मानेवर, मनगटांवर आणि हातांच्या पाठीवर ठाण मांडून बसला आहे. रात्री खाज इतकी वाढते की सलग दोन तासही झोप लागत नाही. सकाळी चादरीवर रक्ताचे डाग असतात. उन्हाळ्यात घामाने अंग सोलून निघते, तरी मला उन्हाळाच बरा वाटतो, कारण तेव्हा सगळ्याच जणी सनकोट आणि दुपट्टा घालून फिरतात आणि माझे हात कोणाला दिसत नाहीत. सासूबाईंनी माझे ताट आणि पेला वेगळा ठेवला आहे. यजमान चांगले आहेत, पण ‘खाजवू नकोस’ याशिवाय त्यांना काही सुचत नाही. वर्गात मी मुलांवर उगाच ओरडते आणि नंतर रडते. तीन वर्षांची मुलगी गळ्यात पडली तर तिला दूर करते. हल्ली कशातच जीव रमत नाही, आणि रात्री कधीकधी वाटते, सकाळ झालीच नाही तर बरे. मागच्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी मला मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितले. ती चिठ्ठी पर्समध्ये तशीच पडून आहे. माझी खाज खोटी आहे, असे त्यांना म्हणायचे आहे का? की टेन्शनमुळेच इसब होतो असे सगळे म्हणतात, तेच खरे?

एक शिक्षिका, नागपूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांकडे येण्यापूर्वी, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मला थांबणे भाग आहे. ‘सकाळ झालीच नाही तर बरे’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. हा विचार रात्री अडीच वाजता खाजेने बेजार झाल्यावर येतो आणि सकाळी विरून जातो, की दिवसाही सोबत राहतो, आणि त्याच्या पुढे जाऊन स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करण्याची कल्पना कधी मनात आली आहे का, हे मी तुम्हाला सरळ विचारते. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. बोलता आल्याने माणसाला थोडा श्वास घेता येतो. उत्तर ‘हो’ असेल, तर हे उत्तर वाचणे इथेच थांबवा, यजमानांना आताच्या आता जवळ बसवून सगळे सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. ज्या वेळी तुमचे सारे घर झोपलेले असते, त्या वेळीही तिथे कोणीतरी फोन उचलते, म्हणून हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. उत्तर ‘नाही’ असले, तरी पर्समधली चिठ्ठी याच आठवड्यात बाहेर काढावी, हे माझे मत कायम आहे.

आता पहिला प्रश्न. तुमची खाज खोटी आहे असे कोणी म्हटलेले नाही, आणि त्या चिठ्ठीचा तसा अर्थही होत नाही. लहानपणापासून असणारा, कोपरांच्या लवणीत आणि मानेवर येणारा हा इसब, ज्याला डॉक्टर अटॉपिक डर्मटायटिस म्हणतात, तो त्वचेच्या जडणघडणीतला आणि शरीराच्या प्रतिकार यंत्रणेतला आजार आहे. निरोगी त्वचेचा वरचा थर आतला ओलावा धरून ठेवतो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू यांना अडवतो. इसब असलेल्यांमध्ये हा थर गिलावा उडालेल्या भिंतीसारखा होतो. त्वचेच्या या थरासाठी लागणारे फिलाग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. ते तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले. भिंतीच्या फटींतून आत शिरलेल्या गोष्टींवर प्रतिकार यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जोराने तुटून पडते, आणि त्यात तयार होणारे इंटरल्यूकिन-३१ सारखे रेणू त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट खाजेचा निरोप देतात. रात्री खाज वाढण्यालाही कारणे आहेत. दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्री सर्वांत कमी असते, त्वचेचे तापमान वाढलेले असते, त्वचेतून पाणी उडून जाण्याचा वेग वाढतो, आणि दिवसभर वर्गातल्या मुलांमध्ये गुंतलेले लक्ष अंथरुणावर पडताच मोकळे होऊन खाजेकडेच वळते. यातले एकही कारण तुमच्या कल्पनेतले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जपून द्यावे लागते. ताणामुळे इसब जन्माला येत नाही. तुम्हाला तो तान्ह्या वयात झाला, त्या वयात कोणाला टेन्शन असते? मात्र असलेला इसब ताणाने भडकतो, हे खरे आहे. ताणाखाली असलेल्या माणसाची त्वचा दुखावल्यानंतर भरून यायला जास्त वेळ घेते, दाह वाढतो, आणि बेचैन झालेला हात नकळत त्वचेकडे जातो. म्हणजे ‘टेन्शनने खाज वाढते’ हे वाक्य वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे नाही, पण आपल्या घरांमध्ये ते ज्या सुरात बोलले जाते तो सूर चुकीचा आहे. त्या सुरातून ‘तू टेन्शन घेतेस म्हणून तुला हे होते’ असा आरोप निघतो, आणि कित्येक रात्री न झोपलेल्या बाईवर शांत राहण्याचीही एक नवी जबाबदारी येऊन पडते.

याच्या उलट दिशेने जाणारी वाट, म्हणजे त्वचेकडून मनाकडे जाणारी, अधिक रुंद आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. अनेक देशांमधले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर इसब असलेल्या प्रौढांमध्ये नैराश्याचे आणि चिंताविकाराचे प्रमाण इसब नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळते, आणि जीव नकोसा वाटण्याचे विचारही त्यांच्यात अधिक असतात. इसब जितका तीव्र, तितके हे प्रमाण वाढते. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना हे ठाऊक आहे. त्यांनी तुमचे हात पाहिले, तुमचा चेहराही पाहिला, आणि दोन्हींची दखल घेतली. असे डॉक्टर तुम्हाला भेटले, याचे मला मनापासून बरे वाटले, कारण पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षे एक मलम संपवून दुसरे आणत राहतात आणि त्यांची झोप कशी आहे, एवढेही कोणी विचारत नाही.

झोपेबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्राचा गाभा मला तिथेच दिसतो. दोन वर्षे म्हणजे सातशेहून अधिक रात्री. यातल्या निम्म्या रात्री जरी तुम्ही लिहिता तशा गेल्या असतील, तरी ज्या बाईला त्वचेचा कोणताही आजार नाही तीसुद्धा इतक्या जागरणानंतर चिडचिडी होईल, वर्गात ओरडेल, मग अपराधी वाटून रडेल, आणि तिचेही मन कशात रमणार नाही. झोप तुटत राहिली की राग आवरण्याची आणि वाईट विचार परतवून लावण्याची मेंदूची ताकद कमी होते. तुम्ही वाईट शिक्षिका किंवा वाईट आई झालेल्या नाही आहात. तुम्ही दोन वर्षे जागरणावर काढलेली बाई आहात. यात अर्थात झोप एकटी नाही. हात लपवण्याचे रोजचे कष्ट आहेत, कोणी ‘हे काय झाले’ असे विचारील याची धास्ती आहे, बरे वाटू लागताच पुन्हा उठणाऱ्या चट्ट्यांमुळे आलेली हताशा आहे, आणि घरात स्वतःच्या ताटाकडे पाहून रोज दोन वेळा होणारा अपमान आहे. प्रतिकार यंत्रणेतला दाह त्वचेपुरता न राहता मेंदूतल्या मनःस्थितीच्या घडामोडींवरही परिणाम करत असावा, असेही संशोधक मानतात. उदासीने ताण वाढतो, ताणाने खाज वाढते, खाजेने झोप जाते, आणि पुन्हा उदासी. ही साखळी कुठेही तोडली तरी चालते. एकाच वेळी दोन ठिकाणी तोडली तर अधिक लवकर सुटका होते, आणि तुमच्या डॉक्टरांना तेच करायचे आहे.

पण त्याआधी औषधांची पिशवी एकदा ओतून पाहा. इसबासोबत सर्दी, शिंका किंवा दमा असणाऱ्यांना आपल्याकडे लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट यांची एकत्रित गोळी सर्रास दिली जाते, आणि ती महिनोन्‌महिने औषधाच्या दुकानातून परत परत आणली जाते. मॉन्टेल्युकास्टमुळे काही रुग्णांमध्ये झोप बिघडणे, उदासी, चिडचिड आणि आत्महत्येचे विचार दिसून आल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. तुमच्या गोळ्यांमध्ये हे नाव असेल, तर ती केव्हापासून सुरू आहे आणि मन केव्हापासून खचले आहे हे दोन्ही डॉक्टरांना उद्याच सांगा. तसेच स्टेरॉइडच्या गोळ्यांचे. कोणी ‘दोन दिवसांत आराम’ म्हणून बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन देत असेल, तर तो आराम खरा असतो, पण गोळ्या थांबताच इसब दुप्पट जोराने उठतो आणि त्या काळात झोप व मनःस्थितीही ढवळून निघते. अशा गोळ्या काही आठवड्यांपासून सुरू असतील, तर त्या आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.

साखळीचे पहिले टोक त्वचेचे. इसब आटोक्यात आणणे हा मनावरचाही उपचारच आहे. ड्युपिलुमॅब नावाचे इंजेक्शन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले; त्याच्या चाचण्यांमध्ये रुग्णांचे चट्टे आणि खाज कमी झाली, त्याचबरोबर चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीतले त्यांचे गुणही खाली आले. हे इंजेक्शन आपल्याकडे महाग आहे आणि सगळ्यांना त्याची गरजही नसते. मी ते सांगते आहे ते एवढ्यासाठी, की त्वचा सुधारली की मनाचा भार खरोखर हलका होतो, हे त्यातून मोजून दिसले. तुमच्यापुरते सांगायचे, तर आधी साधे उपचार पुरेशा प्रमाणात झाले आहेत का, हे तपासा. बहुतेकांचे तिथेच चुकते. सर्वांगाची त्वचा कोरडी असलेल्या प्रौढ माणसाला मॉइश्चरायझर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागते. चिमूटभर लावून ‘क्रीमने काही होत नाही’ असे म्हणणे म्हणजे एका तांब्यात आंघोळ उरकण्यासारखे आहे. ते आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावावे. पाणी कोमट असावे. घरी बोअरवेलचे जड पाणी येत असेल, तर साबणाऐवजी साबणविरहित क्लेन्झर वापरावा. व्हॅसलीनसारखे तेलकट मलम भिनलेला कपडा चटकन पेट घेऊ शकतो, म्हणून असे मलम लावून गॅसजवळ उभे राहताना पदर आणि ओढणी सांभाळा.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण क्लोबेटासोल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब दुकानदाराला विचारून वर्षभर चोळतात आणि त्वचा पातळ करून घेतात. काही जण डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलमही भीतीने इतके कमी लावतात, की ते लावले न लावले सारखेच. बोटाच्या शेवटच्या पेरावर जेवढी मलमाची रेघ मावते, तेवढे मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप आणि किती दिवस लावायचे ते दिवस डॉक्टरांकडून लिहून घ्या. याने भागले नाही तर प्रकाशोपचार आणि पोटात घ्यायची औषधे आहेत. मेथोट्रेक्सेटसारखे औषध दुसऱ्या अपत्याचा विचार असेल तर चालत नाही, म्हणून तो विचार डॉक्टरांपासून लपवू नका. अचानक ताप येऊन चट्ट्यांवर दुखऱ्या, पाणी भरलेल्या फोडांचा घोस उठला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्या हवामानाचाही इसबाला जाच आहे. नवतपात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घामाने चट्टे चुरचुरतात, तर डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तीच त्वचा तडकते. कूलर सुरू करण्यापूर्वी जुन्या, धूळ आणि बुरशी धरलेल्या ताट्या बदलून घ्या. सनकोटामागे तुम्हाला मिळणारी सुटका मी समजू शकते, पण तो सुती असू द्या आणि सावलीत येताच काढा.

आता दुसरे टोक, म्हणजे ती चिठ्ठी. नागपुरात मानसोपचार म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर शहरातले जुने मनोरुग्णालय उभे राहते आणि त्याला दिलेले हिणकस नाव तोंडात येते. मनोरुग्णालयातही माणसेच बरी होतात, हे तर आहेच. पण तुम्हाला तिथे भरती व्हायचे नाही. खासगी दवाखान्यात जाऊ शकता, किंवा ‘मेडिकल’ अथवा ‘मेयो’ या शहरातल्या शासकीय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊ शकता, जिथे त्वचारोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. पहिल्या भेटीत बहुधा नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतली जाते, जिच्यात गेल्या दोन आठवड्यांतला उत्साह, झोप, भूक, एकाग्रता यांबद्दल विचारलेले असते. शेवटचा प्रश्न मी वर तुम्हाला विचारला तोच असतो. त्याचे उत्तर खरे द्या. औषध लागेलच असे नाही. लागलेच, तर उदासीवरच्या औषधांपैकी मिर्टाझापीन किंवा डॉक्सेपिनसारखी काही औषधे खाज आणि झोप या दोन्हींना मदत करतात, आणि त्यातले काही योग्य आहे का हे ते डॉक्टर तुमच्या इतर औषधांकडे पाहून ठरवतील. शाळेत कळेल, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

एक तंत्र मात्र मुद्दाम मागून घ्या, कारण ते सगळीकडे आपणहून दिले जात नाही. सवय पालटण्याचे हे तंत्र अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडले, आणि पुढे १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये ते इसबाच्या रुग्णांच्या खाजवण्यासाठी वापरले गेले. त्यात पहिल्या आठवड्यात खाजवणे थांबवायचे नसते, फक्त मोजायचे असते. आपल्याकडे नामजप मोजायला बोटात घालण्याचा जो छोटा काउंटर मिळतो, तो या कामाला अगदी योग्य आहे. दिवसाकाठी आकडा काही शेकड्यांत गेला तरी घाबरू नका; यातले बहुतेक खाजवणे खाज नसतानाच, वह्या तपासताना किंवा मोबाइल पाहताना, हाताच्या सवयीने होत असते, हे तुमच्याच लक्षात येईल. दुसऱ्या आठवड्यापासून हात त्वचेकडे निघाला की मूठ घट्ट आवळून मनात तीसपर्यंत अंक मोजायचे, आणि तरीही खाज उरली तर त्या जागी नखाने न ओरबाडता नुसते दाबून धरायचे. त्वचेचे उपचार सोबत सुरू असतील तरच याचा उपयोग होतो.

यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. ‘खाजवू नकोस’ हे ढास लागलेल्या माणसाला ‘खोकू नकोस’ म्हणण्यासारखे आहे. ते प्रेमापोटी असते, पण त्यातून ऐकणाऱ्याला आपण पुन्हा चुकलो एवढेच कळते. त्याऐवजी त्यांनी पाठीला आणि मानेला मलम लावून द्यावे, खाजेची लाट आली की थंड ओला रुमाल हातात द्यावा, आणि आठवड्यातून दोन रात्री मुलीला आपल्याकडे झोपवून तुम्हाला पंखा आणि खोली मोकळी द्यावी. बोलण्यापेक्षा हाताने केलेली ही मदत तुम्हाला अधिक लागू पडेल, असे मला वाटते.

सासूबाईंच्या वागण्याचे मी समर्थन करत नाही. इसब स्पर्शाने पसरत नाही, ताटातून पसरत नाही, अंथरुणातूनही पसरत नाही. तरीही त्यांची भीती कुठून आली असावी, याचा विचार मी केला. विदर्भात कुष्ठरोगाची धास्ती कित्येक पिढ्यांनी अनुभवली आहे. अंगावर चट्टा दिसला की माणसाला गावाबाहेर काढल्याच्या आठवणी अनेक घरांतल्या थोरल्यांकडे आहेत. त्याच विदर्भात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, हेही त्यांना ठाऊक असेल. त्यांना एवढे समजावून सांगता येईल, की कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, त्याला खाज नसते, आणि आज तोही औषधांनी पूर्ण बरा होतो. तुमच्या चट्ट्यांना इतकी खाज आहे, ती वेगळ्या आजाराची खूण आहे. पण हे तुम्ही सांगू नका. तुमच्या तोंडून ते भांडण ठरेल. पुढच्या वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना यजमानांनी आईला सोबत आणावे आणि ‘हे आम्हाला होईल का’ हा प्रश्न डॉक्टरांना तिथेच विचारावा. ताट-पेल्याचा निर्णय घरी आल्यावर मुलाने आईशी बोलून करावा. तो तुमच्यावर सोपवू नये.

मुलीला जवळ घ्या. तिला तुमच्याकडून संसर्ग होणार नाही. आई-वडिलांपैकी एकाला इसब असला तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, पण ती शक्यता जन्मासोबत येते, मिठीतून येत नाही, आणि तिला अजून काही झालेले नसेल तर तिच्या भवितव्याची भीती आज बाळगण्याचे कारण नाही. तिचा फ्रॉक मानेला टोचत असेल, तर तिला मऊ सुती कपडा घालून मांडीवर घ्या. हात दुखतात, एवढे तीन वर्षांच्या मुलीलाही सांगता येते. आई दूर का करते, हे मात्र तिला कोणी न सांगता समजत नाही.

संक्रांतीचे हळदीकुंकू जवळ येते आहे. तिथे हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, आणि तुमच्या जखमा नेमक्या तिथेच आहेत. सुगंधी द्रव्ये इसब चिघळवणाऱ्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत, म्हणून ‘मला अत्तर चालत नाही, कुंकू लावा’ एवढेच म्हणायचे आणि वाण घ्यायचे. पूर्ण कारण सांगण्याची गरज नाही, घरी बसण्याचीही नाही. हे पहिल्या घरी जड जाईल, याची मला कल्पना आहे, म्हणून पहिले घर जवळच्या मैत्रिणीचे निवडा.

भेटीला जाताना कागदावर आठवडाभराची नोंद न्या. नॉटिंगहॅम विद्यापीठात इसबासाठी तयार झालेल्या एका प्रश्नावलीत सात गोष्टी विचारतात. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आले, पाणी सुटले, त्वचा तडकली, पापुद्रे निघाले, कोरडेपणा जाणवला. या सातांपुढे दिवसांचे आकडे लिहा, आणि खाली आठवी ओळ आपली स्वतःची घाला, ‘किती रात्री सकाळ नकोशी वाटली’. तोच कागद त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोच मानसोपचारतज्ज्ञांनाही. महिन्याभराने असाच दुसरा कागद भरा, आणि त्यातली आठवी ओळ मला पत्राने जरूर कळवा.